खिडकी कुठल्या बाजूला काढायची

लेसोथो, ६ जून २०२५

मित्र गेणबा,

शांतवन साळवेचा सलाम. पोचलो. दोन विमानं, एक जीप आणि शेवटचा तासभर नुसता चढ. करुणाचे गुडघे ठीक आहेत, माझी कंबर मात्र अजून जीपमध्येच असल्यासारखी वाटते. जीपचा क्लच घसरत होता. मी ड्रायव्हरला सांगितलं, त्याला कळलं नाही. मीच वाकून दाखवलं तेव्हा त्याने मला घट्ट मिठी मारली.

इथं आता कडाक्याचा हिवाळा आहे. आपल्याकडे पेरण्या आणि इथं सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय. गावातला प्रत्येक माणूस अंगाभोवती जाड कांबळं गुंडाळून हिंडतो, बायकासुद्धा. तुझी घोंगडी खांद्यावर टाकून मी बाहेर पडलो तर दोन म्हाताऱ्यांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली, वास घेतला आणि मान डोलावली. मेंढरांचा मुलूख आहे हा. तू इथं हवा होतास.

आपला सत्यजीत वाळलाय, पोराच्या गालांची हाडं दिसतात. सूनबाई सुलक्षणा दवाखान्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभी असते. नात अनुपमा चौदाची झाली. मराठी फडाफडा बोलते, पण वाचायला येत नाही, अक्षरओळखच नाही. त्याचा एक फायदा आहे. गावात नेटवर्क नाही. शनिवारी हे लोक खाली बाजारात जातात, तेव्हा अनुपमा माझ्या पत्राचा फोटो काढून तुझ्या सोनमच्या फोनवर पाठवणार आणि तुझं पत्र तिच्याच फोनवर येणार. तिला त्यातलं काही कळायचं नाही, म्हणून मोकळेपणी लिहितो.

कशासाठी आलोय ते तुला आणि करुणालाच माहीत आहे. सत्यजीतची इथली दुसरी पाच वर्षं नोव्हेंबरात संपतात. पुढची पाच घ्यायची की परत यायचं, ते त्याने मिशनला सप्टेंबरात कळवायचं आहे. मी त्याला एवढंच विचारणार, घरी येतोस का. शिरूरला माडीवर खोली चढतेय हे त्याला आधी सांगणार नाही. आठ दिवस जाऊ देतो. आल्या आल्या विचारलं तर पाहुणा म्हणून नाही, वसुलीला आल्यासारखं दिसेल.

रखमाजी गवंड्यावर लक्ष ठेव.

तुझा,
शांतवन


राहू, १९ जून २०२५

शांतवन मेकॅनिकास गेणबाचा रामराम.

पत्र पोचलं. सोनमने फोनवर मोठं करून दिलं. मला ऐकू येत नाही म्हणून लोक फोनवर माझ्याशी बोलत नाहीत, पण फोनवर पत्र आलं हे बरं झालं. माझं अक्षर अजून तसंच आहे, एसटीच्या पाटीसारखं मोठं मोठं. तूच तसं शिकवलंस, आता तक्रार करू नकोस.

मंगळवारी एसटीने शिरूरला जाऊन आलो. भिंती खांद्याएवढ्या आल्यात. रखमाजी पाटीवर लिहून विचारतो, खिडकी कुठल्या बाजूला काढायची, नदीकडे की रस्त्याकडे. मी म्हटलं, मालकाला विचारतो. लवकर कळव, तो थांबलाय.

आता माझे प्रश्न. तिथली मेंढरं पडक्या कानाची का उभ्या कानाची? लोकर वर्षातून एकदा कातरतात का दोनदा? कुत्री केवढी? आन् सगळ्यात महत्त्वाचं, रात्रीची मेंढरं बसतात कुठं? हे नीट बघून लिही. मी दोन दिवस त्याच विचारात आहे. बायकोचं तेवढं ओठांवरून कळतं. गिताबाई म्हणते, "आवं, आपली अकरा मेंढरं हायती ती बघा, लांबच्यांची काय काळजी करता." 

आठ दिवस होऊन गेले. विचारलंस का?

गेणबा


लेसोथो, २७ जून २०२५

मित्र गेणबा,

कान पडके. लोकर बारीक, वर्षातून एकदा कातरतात. कुत्री हडकुळी पण डोळ्यांत जरब. आणि मेंढरं रात्री दगडी कोंडवाड्यात बसतात. प्रत्येक घरापुढे छातीपर्यंत रचलेल्या दगडांचा गोल. सूर्य डोंगराआड जायच्या आत सगळी आत. कोंडवाड्यात लेंड्यांचा हातभर थर साचतो, तो ते वड्या पाडून वाळवतात आणि चुलीत जाळतात. लाकूड नाहीच इथं. चुलीचं ठीक आहे, पण शेत उपाशी राहतं. मिशनच्या घरामागे अर्धा एकर तुकडा आहे, मक्याची ताटं माझ्या कमरेएवढीसुद्धा झाली नव्हती म्हणे. माती हातात घेतली तर राखेसारखी.

सत्यजीतला एक दिवस विचारलं, "अरे, इथले लोक आपल्याआधीपासून ख्रिस्ती, गावात तीन देवळं. मग तू इथं करतोस काय?" तो हसला. म्हणाला, "रविवारी उपदेश करतो, बाकी दिवस घोडा हाकतो." खरंच घोडा आहे त्याच्याकडे. शिरूरच्या डेपोमागे वाढलेला पोरगा घोड्यावर बसून चार चार दिवस वरच्या डोंगरात जातो. तिथं मेंढपाळ एकेकटे महिनोन् महिने राहतात. त्यांना औषधं पोचवतो, इतकंच सांगतो. पण खोगिराच्या पिशवीत औषधांपेक्षा कागद जास्त दिसले. कसले, ते अजून कळलं नाही. मी शोधून काढीन, मला ठाऊक नसलेली गोष्ट समोर पडून राहिली की जेवण गोड लागत नाही.

करुणा रोज दुपारी नातीला घेऊन ओट्यावर उन्हात बसते. शिवण शिकवतेय वाटतं. मी जवळ गेलो की दोघी गप्प होतात. बायकांचं काही असेल.

विचारलं नाही. दोनदा सुरुवात केली. पहिल्यांदा दवाखान्यातून बोलावणं आलं, दुसऱ्यांदा मीच घोड्याच्या नालाविषयी बोलत सुटलो. खिडकीचं पुढच्या पत्री लिहितो. त्यालाच विचारावं म्हणतो, कुठली बाजू आवडेल.

शांतवन


राहू, ५ जुलै २०२५

शांतवनास रामराम.

तुझं पत्र वाचून मला राग आला. हातभर लेंडीखत जाळतात आन् मागं शेत उपाशी. त्यांचं सरपण त्यांना राहू दे, पण तुझ्या अर्ध्या एकराचं बघ. आपल्याकडं आमचे लोक काय करत आले? शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची. एखाद्या मेंढक्याला गाठ, त्याला पायलीभर धान्य दे आन् सांग, तीन मुक्काम माझ्या रानात कर. भोवती वाघर लाव. वाघर नसली तर कसलंही जाळं चालतं, मेंढराला ते दिसलं म्हंजी बास. दर मुक्कामाला जागा सरकव. पुढच्या मक्यात कणीस केवढं येतं ते त्या लोकांना दाखव. चाळीस वर्षं मी शिरूर-दौंडच्या रानात हेच केलं, एकाही शेतकऱ्याने पुढच्या साली नको म्हटलं नाही.

स्लॅब पडला. रखमाजीने खिडकीची जागा दोन्ही बाजूंना मोकळी ठेवलीय, एक नंतर बुजवू म्हणतो.

विचारलंस का, हे आता विचारत नाही. उत्तर ठाऊक हाय.

गेणबा


लेसोथो, १८ जुलै २०२५

मित्र गेणबा,

तुझ्या सल्ल्यापायी मी गावच्या मुखियापुढे उभा राहिलो. सविस्तर लिहितो, हसायचं असेल तर हस.

इथं मोलेफी नावाचा म्हातारा मेंढपाळ आहे, तुझ्या-माझ्या वयाचा. त्याची चाळीस मेंढरं. अनुपमा शाळेत, सत्यजीत डोंगरात. मी हातवाऱ्यांनीच त्याला समजावलं. मक्याच्या पिठाची पिशवी दिली. तो बराच वेळ मान हलवत राहिला, मग हसला आणि आला. पाहुण्या म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून आला, हे आता कळतं. वाघर नव्हती. शाळेची व्हॉलीबॉलची जाळी बांधली, उरलेल्या बाजूंना दोर. मेंढरं बसली. मी मध्ये स्टूल टाकून तुझी घोंगडी पांघरून बसलो. मोलेफी कुत्रं आणायला घरी गेला.

सूर्य डोंगराला टेकला आणि गावातून शिट्ट्या सुरू झाल्या. गेणबा, इथं मेंढरांच्या चोऱ्या फार होतात. तिन्हीसांजेला सगळं गाव एकमेकांचे कोंडवाडे बघतं. एकाचा रिकामा दिसला की बोंब. आठ-दहा घोडेस्वार काठ्या घेऊन डोंगर उतरून आले आणि त्यांना चोरीची मेंढरं सापडली, व्हॉलीबॉलच्या जाळीमागे, स्टुलावर बसलेल्या परदेशी म्हाताऱ्यासकट. मी उठून सलाम केला. दुसरं काय करणार?

मोलेफी धावत आला, त्याने सांगितलं, काठ्या खाली गेल्या. पण सूर्य मावळल्यावर मेंढरं कोंडवाड्याबाहेर राहिली तर दुसऱ्या दिवशी मुखियापुढे जबाब द्यायचाच, असा नियम. मुखिया बाई आहे, साठीची, अंगावर पिवळं कांबळं. सकाळी सगळं गाव दवाखान्यापुढच्या मैदानात जमिनीवर बसलं. सत्यजीत पहाटेच डोंगरातून परतला होता, दाढी वाढलेली, बुटांना चिखल. तो उभा राहिला. अनुपमा माझ्या कानाशी लागून मराठीत सांगत होती.

त्याने आधी तुझा धंदा समजावून सांगितला. मेंढरं रानात बसतात, रानाला खत मिळतं, मेंढका धान्य नेतो. लोक पुढे सरकून ऐकत होते. मग मागून एका मेंढपाळाने विचारलं, तुझ्या बापाच्या गावात शिकलेले लोक मेंढक्याला जवळ बसवतात का?

सत्यजीतने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बोलत सुटला आणि अनुपमाही सांगायची थांबली, कारण तीही पहिल्यांदाच ऐकत होती. मला त्या सगळ्या बोलण्यात दोनच शब्द कळले, शिरूर आणि दौंड. मी तिला कोपराने ढोसलं तेव्हा ती म्हणाली, "आबा, तुमची बस बंद पडलेली सांगतायत. तो मेंढपाळ तुमच्याजवळ बसून राहिला ते. मग त्याची मेंढरं शिरूरवरून जायची तेव्हा तुम्ही त्याला डेपोत बोलवायचात आणि बसच्या पाट्या भिंतीला लावून वाचायला शिकवायचात. बाबा लहान होते, पाट्या ते उचलून आणायचे." 

गेणबा, मी हे त्याच्याशी कधी बोललो नव्हतो. मला वाटलं त्याला आठवतही नसेल.

मग मोलेफी उठला. कांबळ्याच्या आतून दवाखान्याचं कार्ड काढून त्याने सगळ्यांसमोर स्वतःचं नाव वाचलं, एकेक अक्षर बोटाने दाबत. हे त्याला सत्यजीतने शिकवलंय. खोगिरातले कागद कसले ते कळलं. त्यांवर मोठ्या अक्षरांत गावांची नावं आहेत, वाचायला शिकवण्यासाठी.

मुखियाबाईंनी निकाल दिला. तीन मुक्काम होऊ द्या, पण गावातले दोन जण पहाऱ्याला बसतील. काल तिसरा झाला. दुसऱ्या दिवसापासून आणखी दोघे, आमच्या रानात कधी, म्हणून विचारून गेलेत.

विचारायचं राहिलंच.

शांतवन


राहू, ३० जुलै २०२५

शांतवनास रामराम.

पत्र चार वेळा वाचलं. स्टुलाशी आलं की हसू येतं आन् पुढे वाचवत नाही, म्हणून चार वेळा. घोडेस्वारांचं माझ्या ध्यानात आलं नाही, आपल्याकडं वाघर बघून लोक ओळखतात. चूक माझी. मोलेफीला माझा रामराम सांग.

त्या पाट्यांवर मी पहिला शब्द वाचला तो "दौंड". दोन दिवस लागले. तू तेलकट हाताने चहाचा कप पुढे केलास आन् म्हणालास, "आता उद्या शिरूर." त्याआधी आमच्या वाड्यावर कुणी शिकलेला माणूस आला तो फक्त मेंढरं मोजायला किंवा हाकलायला. वाचता आलं म्हणून जमिनीचे कागद मला कळले, म्हणून आज राहूत माझं घर हाय. हे तुला कधी बोललो नाही. बोलायला गेलो की तू गाडीच्या इंजिनावर जातोस.

तू ज्या कामाला गेलास त्याच्याविषयी मी काही सांगणार नाही. पोरगा तुझा हाय. मी जर त्या डोंगरातला मेंढका असतो तर काय म्हणालो असतो, तेही लिहीत नाही.

प्लास्टर झालं. रखमाजी खिडकीसाठी खोळंबलाय.

गेणबा


लेसोथो, १५ ऑगस्ट २०२५

मित्र गेणबा,

पुढच्या शनिवारी निघतो. सुलक्षणाने वाटेसाठी दशम्या करायला घेतल्यात, पीठ मक्याचं, पण वास घरचा येतो.

विचारलं नाही आणि आता विचारणारही नाही. विचारून उपयोग नव्हता. तो नाहीच म्हणाला असता, आणि नाही ऐकून एवढ्या लांबचा प्रवास करायला माझं काळीज काही तरुण राहिलेलं नाही. करुणाला सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंत," आणि उठून आत गेली. रडली असावी, मला दाखवलं नाही. माझंही काही वेगळं नाही. संध्याकाळी सत्यजीत माझ्याजवळ येऊन बसतो, काहीतरी बोलायचं असल्यासारखा, आणि मी त्याला आपली कार्बोरेटरची माहिती देत राहतो.

खोली पुरी करून टाक. खिडकी रस्त्याच्या बाजूला काढ. कोण आलं गेलं ते दिसेल.

शांतवन


लेसोथो, २० सप्टेंबर २०२५

गेणबा आजोबांना अनुपमाचा सलाम.

हे माझं पहिलं मराठी पत्र आहे. आबांना वाटतं मला वाचता येत नाही. आजीने मला शिकवलं, ओट्यावर, रोज दुपारी. बायबलमधली अक्षरं बारीक होती. तुमची अक्षरं मोठी आहेत आणि तुमची पत्रं माझ्याच फोनमध्ये होती. म्हणून आजीने तीच वाचायला दिली. पहिला शब्द मी "मेंढरं" वाचला.

मग मी "विचारलंस का" वाचलं. मी आजीला विचारलं, काय विचारायचं आहे? ती म्हणाली, पुढची ओळ वाच. जुलैत मला सगळं वाचता यायला लागलं. आबांचीही पत्रं मी वाचली. चोरून वाचली, त्याची माफी मागते.

खोलीचं मी बाबांना सांगितलं. बाबांनी हातातलं खोगीर खाली ठेवलं. मग म्हणाले, "आबांनी विचारलं तर मला नाही म्हणता येणार नाही. आयुष्यात एकदाच त्यांना नाही म्हटलंय, इथं येताना. दुसऱ्यांदा जमायचं नाही." आईनेही होकाराने मान हलवली. मी माझी पुस्तकं सुद्धा वेगळी काढली होती.

बाबा रोज संध्याकाळी आबांजवळ जाऊन बसायचे. ते वाट बघत होते. स्वतःहून ते बोलले नाहीत. निघायच्या दिवशी जीप सुरू झाली तरी बाबा खिडकीला धरून उभे होते. आबा म्हणाले, "क्लच बदलून घे." मग जीप गेली.

काल बाबांनी मिशनला कळवलं. आम्ही इथंच राहणार. मोलेफी आजोबा आनंदाने नाचले. बाबाही हसले, पण नंतर घोड्याजवळ जाऊन खूप वेळ उभे राहिले.

आबांनी लिहिलं होतं, तो नाहीच म्हणाला असता. ते खरं नाही. आबांना हे सांगू का? मी दोन आठवडे हाच विचार करते आहे. आजीला विचारलं तर तिने फोनवर सांगितलं, गेणबांना विचार.

अनुपमा


राहू, ३ ऑक्टोबर २०२५

नात अनुपमा हिला गेणबा आजोबाचे आशीर्वाद.

तुझं पत्र सोनमने दाखवलं. मी म्हटलं, थांब, माझं मी वाचतो. अक्षर चांगलं हाय. माझी पत्रं शाळेच्या पुस्तकासारखी कामाला येतील असं ठाऊक असतं तर जरा नीट लिहिली असती.

तुझा आबा शिरूरला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. मेंढरांजवळ दोघे बसलो. मला ऐकू येत नाही, म्हणून त्याला बोलायचं असलं की तो पाटीवर लिहितो. माझ्या घरी ती पाटी त्याच्यासाठीच टांगलेली असते. मी त्याला म्हटलं, "खोटं लिहिलंस मला. पोरगा न्हाई म्हणाला असता म्हणं. तुझ्या पोराला मी वळखत न्हाई व्हय?" 

 त्याने पाटी मागितली आन् लिहिलं, "विचारलं असतं तर आला असता. म्हणून विचारलं नाही." 

मी वाचलं. त्याने बाहीने पुसून टाकलं. मग मेंढरांच्या खुरांविषयी लिहीत बसला.

पत्रात खोटं का लिहिलं ते मी विचारलं नाही. बहुतेक स्वतःलाच पटवत होता.

म्हणून तू आबाला काही सांगू नकोस. त्याला ठाऊक हाय. तुझ्या बाबाला मात्र सांग, त्याला ठाऊक नाही. त्याला वाटत असेल, बापाने साधं विचारलंही नाही.

खोली पुरी झालीय. खिडकी रस्त्याच्या बाजूला काढलीय. तिथून डेपोत शिरणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या पाट्या दिसतात. तुझी सुट्टी लागली की ये, किती वाचता येतात ते बघू. तुझी आजी गादी उन्हात घालून ठेवतेय.

हे पत्र बाबाच्या हातात देऊ नकोस. त्याला समोर बसव आन् तू वाचून दाखव.

गेणबा